डोण, खडी आणि नवी माणसं : प्रकल्प नोंदी

११ सप्टेंबर २०२४

चर्चच्या हॉलमध्ये समितीची बैठक. विषयपत्रिकेवरचा सहावा विषय दरवर्षीचाच, नवीन माणसं कशी आणायची. लीड्सजवळच्या या आल्पाइन बागकाम गटात मी चार वर्षं आहे आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही इथली सर्वांत धाकटी. विषय निघाला, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि काम माझ्या गळ्यात पडलं. सोबत १५० पौंड आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंतची मुदत.

'सभासद वाढवा' हे ध्येय मी घेतलेलं नाही. वर्गणी भरून कधीच न दिसणारे सभासद आमच्याकडे आधीच आहेत. माझं ध्येय असं: सहा नवी माणसं, प्रत्येक जण निदान तीनदा आलेला. एकदा कुणीही येतं, चहा-बिस्किटं खाऊन जातं. दुसऱ्यांदा भिडेखातर येतं. तिसऱ्यांदा आला तो आपला.

थोडी पार्श्वभूमी, पुढे वही कुणाच्या हाती लागली तर. आल्पाइन म्हणजे डोंगरावर जिथे झाडं वाढायची थांबतात, त्याच्या वरच्या पट्ट्यातल्या वनस्पती. बोटभर उंचीच्या, दगडाच्या फटीत राहणाऱ्या, फुलं मात्र अंगापेक्षा मोठी. ब्रिटनमधली आल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ची, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब १९३३चा, उत्तर अमेरिकेतली संस्था १९३४ची. तिन्ही पाच वर्षांच्या आत उभ्या राहिल्या, कारण त्या काळात हिमालयातून आणि चीनमधून बियाणं आणणाऱ्यांची धामधूम चालू होती आणि ते बियाणं रुजवायला हात हवे होते. आज बियाणं भरपूर आहे, हात कमी पडतात.

अध्यक्षांनी (वय ७९, निवृत्त शाळामास्तर) उपाय सुचवला: पोस्टर. ठीक आहे, पोस्टरपासून सुरुवात.

२ ऑक्टोबर २०२४

पोस्टर लावली: ग्रंथालय, दोन रोपवाटिका, एक कॅफे. व्याख्यानाचा विषय 'झाग्रोस पर्वतातल्या डायोनिसिया'. नवीन आलेली माणसं: एक. ती योगाचा वर्ग शोधत होती.

विषय वाईट नव्हता. डायोनिसिया इराणच्या कड्यांवर वाढते, मुठीएवढी घट्ट हिरवी उशी, वसंतात पान दिसणार नाही इतकी फुलते. पानांवर पाणी पडलं की कुजते, म्हणून हौशी लोक कुंडी वाळूत पुरतात आणि पाणी त्या वाळूला घालतात. मला हे ऐकताना थरार वाटतो. पण पोस्टरवरचं 'डायोनिसिया' वाचून रस्त्यावरचा माणूस थांबेल कशाला? शिवाय खाली छापलं होतं: 'सभासद नसलेल्यांना ३ पौंड'. म्हणजे दारातच आत कोण, बाहेर कोण हे सांगून मोकळे.

खर्च ११ पौंड. पोस्टरवर पुन्हा पैसे घालायचे नाहीत.

१९ ऑक्टोबर २०२४

हॅरोगेटच्या हार्लो कार बागेत गेले होते. तिथल्या आल्पाइन हाऊसमध्ये तासभर कोपऱ्यात उभी राहून माणसं बघितली. (नवरा म्हणाला, चोर समजून धरतील.)

आल्पाइन हाऊस म्हणजे गरम ठेवलेलं काचघर नव्हे. इथे काच थंडीसाठी नसतेच, ती पावसासाठी असते. डोंगरावर ही झाडं हिवाळाभर बर्फाच्या दुलईखाली कोरडी, शून्याच्या आसपास निवांत झोपलेली असतात. यॉर्कशरचा हिवाळा थंडीने त्यांना मारत नाही, ओलीने मारतो. म्हणून वर काच, बाजूच्या खिडक्या सताड उघड्या आणि कुंड्या वाळूत गळ्यापर्यंत.

मोठी माणसं दारातून आत येत, 'किती गोड' म्हणत आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडत. थांबणारे दोन प्रकारचे. एक, मुलं, कारण त्यांचे डोळे कुंड्यांच्या पातळीला होते. दुसरं, चिखलाचे बूट घातलेलं एक जोडपं. त्यातली बाई सॅक्सिफ्रागा नावाच्या एका बुटक्या रोपाकडे बोट दाखवून म्हणाली, "अगं बाई, हे तर आपण तिथे वर पाहिलं होतं!" ती दोघं त्या एका कुंडीपाशी पाच-सात मिनिटं होती. फोनमधले जुने फोटो काढून ताडून बघत होती.

घरी येताना गाडीत तेच डोक्यात. आम्ही आजवर बागवाल्यांच्या दारावर टकटक करत होतो. डोंगरवाल्यांना कुणी विचारलंच नाही.

९ नोव्हेंबर २०२४

माझ्या ऑफिसातली एक मुलगी दर शनिवारी डोंगरात जाणाऱ्या एका गटात आहे. वयं पंचवीस ते पन्नास. पेन-ई-गेंट, व्हर्नसाइड, इंगलबरो ही इथली तीन शिखरं बारा तासांत पालथी घालायची ही त्यांची वारी, सुमारे २४ मैल. तिला विचारलं, "वाटेत फुलं दिसतात का?" ती म्हणाली, "वेळ बघत असतो गं, फुलं कुठली?"

मला सातारा आठवला. आम्हीही असेच. कॉलेजात असताना अजिंक्यतारा, सज्जनगड, मग लांबचे किल्ले. खाली मान घालून चालायचो आणि वर पोचलो की आरोळी ठोकायची. कासच्या सड्यावर आमच्या प्राध्यापिकेने एकदा गुडघ्यांवर बसवलं आणि सीतेची आसवं दाखवली. जांभळा थेंबभर जीव, जांभ्यावरच्या ओल्या मातीत किडे गिळून राहणारा. त्यानंतर माझं चालणं मंदावलं ते कायमचंच. सडा काही आल्पाइन नाही, तिथे थंडी कुठली? पण दगडावर बोटभर माती, चार महिने पाण्याचा मारा आणि आठ महिने भाजणं, त्यात जगायचं तर बुटकं राहून घाईने फुलायचं, हा हिशोब तोच. या गटात मी आले ती त्या ओळखीमुळे. बागकामाची हौस मला आजही बेताचीच आहे, आणि हे समितीला मी अजून सांगितलेलं नाही.

अध्यक्षांना फोन केला. त्यांची शंका रास्त: "पण त्यांना बागा नाहीत. लावणार कुठे?"

मी म्हटलं, "डोणीत."

इंग्रजीत डोणीला ट्रफ म्हणतात. इथल्या शेतांवर गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोणी असायच्या, आपल्याकडे विहिरीच्या काठाला असतात तशाच. त्या रिकाम्या झाल्यावर लोकांनी त्यात आल्पाइन लावली. आता खरी दगडी डोण परवडत नाही, म्हणून सिमेंटमध्ये वाळू आणि कोकोपीट मिसळून खोटी करतात. तिला हायपरटुफा म्हणतात. दोन फूट बाय दीड फूट जागेत डोंगर मावतो. बाल्कनी नसेल तर पायरीवर ठेवा.

२४ नोव्हेंबर २०२४

गॅरेजमध्ये डोणीची रंगीत तालीम. प्रमाण: १ भाग सिमेंट, १ भाग जाड वाळू, २ भाग कोकोपीट, सगळं मापाने, वजनाने नाही. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात दुसरं छोटं खोकं, मधल्या जागेत मिश्रण दाबून भरायचं, तळाला भोकांसाठी बाटल्यांची बुचं. दोन तास लागले. लेक (१४) मदतीला होती, केसांपर्यंत सिमेंट.

२६ नोव्हेंबर २०२४

साचा काढला. डोण तीन तुकड्यांत हातात आली. चूक माझीच: गॅरेजमध्ये रात्री तीन-चार अंश. पाचच्या खाली सिमेंट धरायचं जवळजवळ थांबतं, आणि त्यात गोठलं तर संपलंच. पाकिटावर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

ठरलं: डोणींची कार्यशाळा मे महिन्यात. हिवाळ्यात दुसरं काहीतरी.

१२ जानेवारी २०२५

पेरणीचा रविवार. 'दुसरं काहीतरी' हेच.

या संस्थांची खरी श्रीमंती बियाणं-वाटपात आहे. सभासद शरद ऋतूत आपल्या बागेतलं बी पाकिटं करून पाठवतात, स्वयंसेवक यादी करतात, आणि हिवाळ्यात ज्याला जे हवं ते टपालाने जातं. आमच्या गटाचं बी एक बाई सांभाळतात, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अक्षर मोत्यासारखं. मी वहीत त्यांना बियाणेबाई म्हणते. नाव, गोळा केल्याची तारीख, मूळ ठिकाण, यांपैकी एक जरी नसलं तरी पाकीट टोपलीत. त्यांनी उरलेल्यातली ४० पाकिटं दिली, पण तोंड वाकडं करून.

डोंगरवाल्या गटातले नऊ जण आले. वेळ मुद्दाम दुपारी दोनची ठेवली होती. आमच्या संध्याकाळी साडेसातच्या बैठकीला लहान मुलांची आई येणार कशी?

व्याख्यान ठेवलं नाही. टेबलावर कुंड्या, बारीक खडी, बी. पेरा. मग सांगितलं: "आता ही घरात नेऊ नका. बाहेर ठेवा, पाऊस-बर्फ लागू दे." सगळे बघतच राहिले. यातल्या बऱ्याच जातींच्या बियांना हिवाळा सोसल्याशिवाय कोंब फुटत नाही. थंडीचे काही आठवडे हे त्यांचं घड्याळ आहे. नाहीतर शरदात पडलेलं बी लगेच उगवेल आणि पहिल्या बर्फात मरेल. एक नर्स म्हणाली, "म्हणजे मी यांच्याकडे दुर्लक्ष करणं हीच काळजी? मला जमेल." रात्रपाळीहून थेट आली होती. तिला चार कुंड्या दिल्या.

जातींची निवड महत्त्वाची, हे लिहून ठेवते. जेन्शियन (निळ्या फुलांची आल्पाइन) मागणारे सगळेच असतात, पण बीपासून फुलायला वर्षं लागतात. नवख्याला तीन वर्षांचा वायदा द्यायचा नाही. म्हणून आल्पाइन पॉपी (बहुतेकदा त्याच वर्षी फुलते), एरिनस, बुटके डायान्थस. अध्यक्षांना हे जरा पोरकट वाटलं.

२५ जानेवारी २०२५

हे मूळ आराखड्यात नव्हतं. इथल्या आमच्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू. वाण काय द्यावं यावर व्हॉट्सॲपवर दोन आठवडे खल चालू होता. प्लॅस्टिकचे डबे नकोत एवढ्यावर एकमत. मी म्हटलं, ३० रोपं मी देते. सेम्परव्हायव्हम या जाड पानांच्या रोपाची पिल्लं. बियाणेबाई आणि दोन जुन्या सभासदांच्या घरी त्यांची रानं माजली आहेत. फुकट मिळाली, कुंड्यांना १२ पौंड.

"हे कोरफडीचं पिल्लू का गं?" एका काकूंनी विचारलं. नाही काकू, नातं काही नाही, जाड पानं तेवढी तशी. नावाचाच अर्थ सदा जिवंत. युरोपात हे घराच्या छपरावर लावायचे, वीज पडत नाही अशी समजूत. ते ऐकल्यावर दोघींनी एकेक जास्त मागितलं.

मग विषय ब्रह्मकमळावर गेला, जाणारच. आमच्याकडे कसं होतं, रात्री बाराला कसं फुलायचं, शेजारी जागायला कसे यायचे. मी सांगितलं की ते आपल्या अंगणातलं पांढरं निवडुंगाचं फूल, मूळचं मेक्सिकोकडचं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात चार हजार मीटरच्या आसपास असतं. फुलांभोवती पातळ कागदासारखी फिकट पानं गुंडाळलेली, आत जांभळी फुलं, म्हणजे त्याचं स्वतःचं काचघरच. उत्तराखंडाचं राज्यफूल तेच. थोडी शांतता. मग एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आईने आयुष्यभर निवडुंगाची पूजा केली?" हशा.

यातून गटात किती जणी येतील? माझा अंदाज शून्य ते दोन. पण हे केल्याचं वाईट वाटत नाही.

५ फेब्रुवारी २०२५

समितीत खडाजंगी. जानेवारीच्या मासिक व्याख्यानाला नऊपैकी एकच जण आला, हे बियाणेबाईंनी मांडलं. "फुकट बी घ्यायला येतात, ऐकायला येत नाहीत. आणि एकानेही लेबलवर तारीख घातली नव्हती." खजिनदारांनी मान डोलावली.

मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, आपल्यापैकी किती जण पहिल्या वर्षी लेबलं नीट लिहीत होते? कुणी उत्तर दिलं नाही. मग अध्यक्षांनी विषय बदलायला स्नोड्रॉप या हिवाळी पांढऱ्या फुलाचा किस्सा काढला: 'गोल्डन टिअर्स' नावाच्या एका कंदाला २०२२ साली लिलावात १८५० पौंड आले. एक कंद! फुलाला पिवळी झाक आहे म्हणून. त्यांना वाटलं, अशा बातम्यांनी लोक येतील. मला वाटतं, अशा बातम्यांनी लोक लांब राहतात. हा छंद श्रीमंतांचा, हा समज पक्का होतो.

घरी येऊन विचार केला. बियाणेबाईंचं निम्मं बरोबर आहे. लेबलाशिवाय बी म्हणजे नुसती धूळ. पण लेबल लिहावंसं वाटायला आधी ते झाड आपलं वाटायला हवं, आणि ते हॉलमध्ये होणार नाही.

पेन-ई-गेंटची सहल मंजूर. सहा विरुद्ध दोन.

५ एप्रिल २०२५

लीड्सहून सकाळच्या गाडीने हॉर्टन, पेन-ई-गेंटच्या पायथ्याचं स्टेशन. १४ जण: डोंगरवाले आठ, आमचे जुने चार, हळदीकुंकवातल्या वहिनी आणि त्यांचा मुलगा. (शून्य ते दोन! अंदाज चुकला नाही.)

पेन-ई-गेंट ६९४ मीटर. आपल्या कासपेक्षाही बुटका, पण वारा असा की कानात बोटं घालावीत. आम्ही नेहमीची चढाईची बाजू सोडली आणि पश्चिमेच्या कड्याखाली गेलो, जिथे वरच्या काळपट वालुकाश्माखाली चुनखडीचा पट्टा उघडा पडतो. डोंगरवाल्यांतला म्होरक्या म्हणाला, "मी इथून चाळीसेक वेळा गेलोय. इथे काही नाही."

वर बघ, म्हटलं.

कड्यावरून जांभळ्या चादरी लोंबत होत्या. पर्पल सॅक्सिफ्रेज, सॅक्सिफ्रागा ऑपोझिटिफोलिया. पानं तांदळाच्या कणीएवढी, फुलं नखाएवढी, आणि इतकी की खालचा दगड दिसेना. आजूबाजूचं गवत अजून हिवाळ्यातलं, पिवळं मेलेलं. हिमयुग ओसरल्यावर ही वनस्पती उत्तरेला आणि उंचावर सरकत गेली. अशा थंड कड्यांवर तिचे काही तुकडे मागे राहिले. हीच जात स्वित्झर्लंडमध्ये डोम शिखरावर ४५०५ मीटरवर सापडलेली आहे आणि उत्तर ध्रुवाकडच्या शेवटच्या जमिनीवरही फुलते. हे सांगितल्यावर म्होरक्याने घड्याळाचं बटण दाबून वेळ थांबवली. खरंच थांबवली, मी पाहिलं.

वहिनींनी नावाचा अर्थ विचारला. सॅक्सिफ्रागा म्हणजे दगड फोडणारी. "म्हणजे पाषाणभेदच की!" त्या म्हणाल्या. मी चाट. त्यांच्या आजोबांचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं. आणि गंमत म्हणजे औषधातला पाषाणभेद, बर्जेनिया, हा याच कुळातला. जुन्या पुस्तकांत त्याचं नावही सॅक्सिफ्रागाच होतं. मुतखड्यावर देतात. इकडे युरोपातही सॅक्सिफ्रागा मुतखड्यावरच देत. दोन्हीकडच्या वैद्यांनी फटीत उगवलेलं झाड बघून एकच तर्क केला असावा.

नियम सांगितले: कड्याला हात लावायचा नाही, खाली घसरणाऱ्या दगडगोट्यांवर चढायचं नाही, काही तोडायचं नाही. फोटो दुर्बिणीतून.

समोर इंगलबरो स्वच्छ दिसत होता. त्याच्या पायथ्याचं क्लॅपहॅम हे रेजिनाल्ड फॅररचं गाव. १८८०चा जन्म, १९२० साली उत्तर ब्रह्मदेशात झाडं शोधता शोधता मेला, जेमतेम चाळीस. ब्रिटनमधल्या आल्पाइनच्या वेडाचा मूळपुरुष तोच, आणि आजही प्रदर्शनातल्या सर्वोत्तम रोपाला त्याच्या नावाचं पदक मिळतं. बंदुकीत बी भरून त्याने कड्यावर झाडलं, म्हणजे हात न पोचणाऱ्या फटींत रुजेल, अशी गोष्ट सांगतात. चौदापैकी सगळ्यांना ही एकच गोष्ट नक्की लक्षात राहणार.

उतरल्यावर स्टेशनच्या बाकावर अध्यक्ष बसलेले. गुडघ्यांमुळे वर येणं शक्य नव्हतं, पण दुपारच्या गाडीने एकटे हॉर्टनला आले होते. खिशात भिंग. वहिनींच्या मुलाला त्यांनी स्टेशनच्या भिंतीच्या सांध्यातलं शेवाळ त्या भिंगातून दाखवलं. गाडी येईपर्यंत दोघं भिंतीला नाक लावून. गाडी सुटताना भिंग मुलाच्याच हातात राहिलं. अध्यक्षांना आठवण केली, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

२६ एप्रिल २०२५

आमच्या गटाचं छोटं वसंत प्रदर्शन. नियमावलीत नवशिक्यांचा वेगळा विभाग आहे, कुंडी १९ सेंटिमीटरच्या आत. पण तिथेही जुनेच लोक 'नवशिके' म्हणून गेली सहा वर्षं बक्षिसं घेताहेत. मी एक टेबल मागितलं: बक्षीस नाही, परीक्षक नाही, फक्त जानेवारीत पेरलेलं जे असेल ते आणा. पाच कुंड्या आल्या. त्यांत दोनांत निव्वळ खडी. नर्सच्या चारपैकी तीन कुंड्यांत रोपं, पॉपीला कळी. परीक्षक बाई वाटेत थांबल्या आणि म्हणाल्या, "एप्रिलमध्ये? छान." बस, एवढंच. पण नर्सने ते आईला फोनवर सांगितलेलं मी ऐकलं.

१७ मे २०२५

डोणींची कार्यशाळा, या वेळी १८ अंशांत. अकरा माणसं, सात डोणी. साहित्य ६३ पौंड.

दगडांचा प्रश्न आधी सोडवला होता. पूर्वी इथल्या रॉक गार्डनसाठी यॉर्कशरच्या चुनखडीच्या फरश्या उचलून नेत. पावसाने हजारो वर्षं कोरलेले ते खडक, त्यांच्या खोल चिरांत नेचे आणि दुर्मीळ फुलं. बागांसाठी कितीतरी पठारं खरवडली गेली. १९८१च्या कायद्याने आता त्यांना संरक्षण आहे. हे नव्यांना सांगावं की नाही यावर समितीत कुजबुज झाली, आपलीच अब्रू म्हणून. मी सांगितलं. आम्ही वापरल्या उतरवलेल्या छपरांच्या जुन्या पाट्या, चेक बागवाल्यांच्या पद्धतीने उभ्या, एकमेकींना खेटून, मध्ये बोटभर फट. मुळं फटीतून खाली थंडाव्याला जातात, माथा कोरडा राहतो.

पहिल्या तासात सगळ्यांनी मधोमध मातीचा ढीग आणि त्यावर आडवे टाकलेले दगड असं केलं. फॅरर अशा रचनेला 'कुत्र्याचं थडगं' म्हणायचा. हे सांगितल्यावर एकमेकांच्या डोणींकडे बोटं दाखवून जो गोंधळ झाला, तो आमच्या हॉलने नव्वद वर्षांत पाहिला नसेल. कुणीतरी विचारलं, मोठ्ठा डोंगर कुणी केला होता का? मग हेन्लीच्या फ्रायर पार्कची गोष्ट. तिथे सर फ्रँक क्रिस्पने बागेत अख्खा छोटा मॅटरहॉर्न उभारला होता, आणि १९७० साली ते घर घेतलं बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने. रान माजलेली ती बाग त्याने पुन्हा उभी केली, स्वतः माती उकरून. पंचविशीतला एक मुलगा, जो आतापर्यंत नुसता वाळू चाळत होता, त्याने मान वर केली. "जॉर्ज हॅरिसन आल्पाइन लावायचा?" त्याने लगेच डोण मागितली.

१४ जुलै २०२५

वाईट बातम्यांचा दिवस. ११ तारखेपासून यॉर्कशरमध्ये नळीने पाणी घालायला बंदी. डोणी तग धरून आहेत, त्यांना मूळचीच सवय. लहान कुंड्या मात्र दुपारी तापतात आणि मुळं भाजतात. दोघांची सगळी रोपं गेली. एकाच्या सेम्परव्हायव्हमखाली व्हाइन वीव्हिल या किड्याच्या अळ्या, मुळं साफ, रोप टोपीसारखं उचलून हातात आलं. त्याने गटाला निरोप पाठवला: "मला जमत नाही, माफ करा."

मी उत्तर लिहिलं, पण त्याआधी बियाणेबाईंचं उत्तर आलं होतं. त्यांनी स्वतःच्या मेलेल्या रोपांची यादी पाठवली होती, १९८७पासूनची, तारीख, जात, कारण. तीन पानं. शेवटचं कारण बहुतेक ठिकाणी एकच: 'माझा आळस'.

(नंतरची भर: तो ऑगस्टमध्ये पुन्हा आला.)

१० सप्टेंबर २०२५

समितीपुढे हिशोब. खर्च १४१ पौंड. तीन किंवा जास्त वेळा आलेली नवी माणसं: पाच. ध्येय सहाचं होतं. त्यांपैकी वर्गणी भरलेले दोनच, बाकीचे 'बघू' म्हणतात. खजिनदारांनी 'बघू' या शब्दाखाली रेघ मारली. शनिवार-रविवारच्या दुपारी मासिक बैठकीला मिळाव्यात ही माझी मागणी फेटाळली. सहापैकी दोन बैठका प्रायोगिक म्हणून दुपारी, एवढं पदरात पडलं. ऑक्टोबरचं व्याख्यान माझ्यावर आलं आहे: कासचा सडा. पोस्टरवर वनस्पतीचं नाव नाही, डोंगराचा फोटो.

बैठक संपताना नर्स आत आली, कामाच्या कपड्यांतच. तिच्या पॉपीने जूनमध्ये फुलं दिली होती आणि तिने बी धरलं होतं. इन्सुलिनच्या सुयांच्या खोक्यात, दुमडलेल्या कागदात. वर लिहिलेलं: 'पिवळी. खिडकीबाहेरची.' तारीख नाही, जात नाही.

मी बियाणेबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, कागद उजेडात धरला, बी किती भरलं आहे ते बोटाने चाचपलं. मग पेन काढून विचारलं, "कुठली खिडकी? पूर्वेची की पश्चिमेची?"